कृष्णा देसाई : एक खून आणि एक पोटनिवडणूक

५ जून १९७० च्या रात्री लालबागच्या तावरीपाड्यात भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे परळचे आमदार कृष्णा देसाई यांचा शस्त्रांनी वार करून खून झाला. स्वातंत्र्योत्तर मुंबईतील पहिली मोठी राजकीय हत्या म्हणून तिचा उल्लेख होतो. पुढे या खटल्यात शिवसेनेशी संबंधित तरुणांना शिक्षा झाली. पक्षाच्या नेतृत्वावर मात्र न्यायालयात काही सिद्ध झाले नाही. खुनामुळे रिकाम्या झालेल्या जागेसाठी ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली. देसाईंच्या पत्नी सरोजिनी देसाई कम्युनिस्ट पक्षातर्फे उभ्या राहिल्या, आणि शिवसेनेच्या वामनराव महाडिकांनी त्यांचा १६७९ मतांनी पराभव केला. विधानसभेत गेलेले ते शिवसेनेचे पहिले आमदार.

इतिहासाच्या दृष्टीने खुनापेक्षा हा निकाल अधिक बोलका आहे. ज्या वस्तीत खून झाला त्याच वस्तीने, सहानुभूतीचा सारा भर विधवेच्या बाजूने असताना, अवघ्या चार महिन्यांत दुसरा कौल दिला. ‘दहशत’ हे त्याचे सोपे उत्तर नेहमी दिले जाते. दहशत होतीच, १९६७ साली परळच्या दळवी बिल्डिंगमधील गिरणी कामगार युनियनच्या कचेरीवर हल्ला झाला होता. पण केवळ धाकाने एवढी मते पडत नाहीत. शिवाय मतांतील अंतर पाहता जवळजवळ निम्मा परळ तेव्हाही लाल बावट्यामागे उभा होता, हेही विसरता कामा नये.

उत्तर थोडे मागे जाऊन शोधावे लागते. गिरणी कामगार युनियन जन्मली ती १९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपात. तिची खरी ताकद गिरणीच्या फाटकापाशी जेवढी होती तेवढीच चाळीत होती : संपकाळात उधारी देणारा वाणी, खाणावळवाली, गाववाल्यांची खोली, शाहिरांचा फड. मात्र १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा अधिकार एकाच ‘प्रातिनिधिक’ संघटनेला दिला आणि कापड गिरण्यांत तो काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला. कामगार मनाने लाल बावट्याचा, पण करार करणार दुसरेच, अशी ही विचित्र स्थिती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने ही उणीव काही काळ झाकली. डांगे, एस. एम. जोशी, अत्रे एका व्यासपीठावर आले आणि कामगारवर्ग व मराठी माणूस हे दोन शब्द जवळजवळ एकाच अर्थाने उच्चारले जाऊ लागले. १९६० साली राज्य मिळाले, समिती विस्कटली, १९६२ च्या चीन युद्धाने आणि १९६४ च्या फुटीने कम्युनिस्ट पक्ष दुभंगला. डाव्यांनीच चेतवलेली मराठी अस्मिता आता निराधार झाली होती. १९ जून १९६६ रोजी स्थापन झालेल्या शिवसेनेने ती उचलली. ही अस्मिता डाव्यांच्या हातून हिसकावून घेतली गेली असे मला वाटत नाही. त्यांनी ती वाऱ्यावर सोडली होती.

दुसरे कारण वयाचे आहे. बाप गिरणीत कायम, पण मुलगा मॅट्रिक होऊन घरी बसलेला. त्याला युनियनच्या सभासद-पावतीत जागा नव्हती. त्याचा दिवस व्यायामशाळेत, कबड्डीच्या मैदानात, गणेशोत्सव मंडळाच्या ओट्यावर जात असे. हे ओळखणारे मोजके कम्युनिस्ट नेते होते, त्यांत कृष्णा देसाई अग्रभागी. ते कचेरीतले पुढारी नव्हतेच. आधी नगरसेवक, मग आमदार झालेला, गल्लीतल्या पोरांत वावरणारा, वेळप्रसंगी अंगावर जाणारा हा माणूस. त्यांनी उभारलेल्या लोकसेवा दलाचा हेतू याच तरुणांना धरून ठेवण्याचा होता. त्यामुळे १९७० चा संघर्ष दोन विचारसरणींइतकाच एका ओट्यावरच्या मालकीचा होता. देसाई गेल्यावर त्या ओट्यावर बसणारा तेवढ्या वकुबाचा दुसरा माणूस पक्षाकडे उरला नाही.

मराठी साहित्याने या घटनेकडे कसे पाहिले? मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ (१९३३), भाऊ पाध्यांची ‘डोंबाऱ्याचा खेळ’ (१९६०), नारायण सुर्व्यांचा ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) : गिरणगावाची आणि कामगार चळवळीची वाट आपल्या अभ्यासक्रमातूनही जाते. परंतु १९७० च्या त्या रात्रीला मध्यवर्ती स्थान देणारी कृती आपण वर्गात शिकवत नाही. कामगाराची वेदना आपल्या समीक्षेला मानवते. कामगाराने कामगारपुत्रावर उगारलेला सुरा मानवत नाही. त्याला खलनायक म्हणून गिरणीमालक उभा करता येत नाही. जयंत पवारांच्या ‘अधांतर’मध्ये (१९९७) संपानंतरच्या धुरी कुटुंबातला एक मुलगा टोळीकडे ओढला जातो. त्याचे मूळ समीक्षक १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपात शोधतात. ते खरेच आहे, पण बारा वर्षे मागे जाण्याची गरज कोणाला वाटत नाही. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातील माणसांच्या तोंडून जो इतिहास जमवला, त्यात मात्र चळवळ आणि शाखा एकाच चाळीच्या जिन्यावर भेटतात. साहित्याच्या विद्यार्थ्याने तो कादंबरीइतक्याच बारकाईने वाचावा.

महाडिक पुढे मुंबईचे महापौर झाले. १९६७ साली याच कामगार वस्त्यांच्या मतांवर लोकसभेत गेलेले श्रीपाद अमृत डांगे १९८१ मध्ये पक्षातून काढले गेले, आणि १९८४ साली शिवसेनेच्या अधिवेशनात निमंत्रित म्हणून उपस्थित राहिले. तावरीपाड्यातील त्या रात्रीला तेव्हा चौदा वर्षे झाली होती.