हिंगोली जिल्ह्यातील स्थलांतर

हिंगोली जिल्ह्यातील माणसांचे रोजगार, शिक्षण, लग्न किंवा विस्थापन या कारणांनी होणारे जाणे-येणे. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे पाच तालुके आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 11,77,345 असून सुमारे 85 टक्के लोक खेड्यांत राहतात.

निजामी राजवटीत नोकरी, शिक्षण वा कचेरीच्या कामासाठी पाय हैदराबादकडे वळत. 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर ही दिशा हळूहळू बदलली. आज पुणे-मुंबई जवळची वाटते. जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते आणि परंपरेनुसार त्यांचे पुढील वास्तव्य पंजाबात घुमान येथे झाले. मात्र ते भक्तीचे भ्रमण होते, पोटाचे नव्हे.

पोटासाठी होणाऱ्या स्थलांतराचा ठळक प्रकार म्हणजे ऊसतोड. सेनगाव, औंढा, कळमनुरीकडच्या डोंगराळ, हलक्या जमिनीच्या गावांत आणि तांड्यांवर खरिपाचे एक पीक निघाले की हाताला काम उरत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात, त्या पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’; एकटा माणूस अर्धा कोयता. मजुरीचा हिशेब जोडीवर आणि टनावर असतो.

केवळ दुष्काळ हे या स्थलांतराचे पुरेसे कारण नाही. पूर्णा प्रकल्पाच्या, म्हणजे येलदरी व सिद्धेश्वर धरणांच्या पाण्यामुळे वसमत भागात ऊस आणि हळद दोन्ही होतात. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हळदीची काढणी, शिजवणी आणि ऊसतोड यांचे महिने बरेचसे एकच, आणि तेव्हा हळदवाल्याला मजूर मिळत नाहीत. घरच्या जिल्ह्यात काम असताना माणसे दूर जातात, याचे उत्तर ‘उचल’ या शब्दात आहे. हळदीची मजुरी रोजाची. उचल, म्हणजे टोळी नेणाऱ्या मुकादमाने दिलेली आगाऊ रक्कम, मात्र हंगामाआधी, घरात काही नसताना, एकरकमी मिळते. त्यातून बियाण्याची उधारी, दवाखाना, मुलीचे लग्न भागते. नंतर पाच-सहा महिने अंगमेहनतीने ती फेडायची. खाडा झाला तर दंड. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते आणि मुकादम बदलणे अवघड होते.

ब्रिटनमध्ये भूगोलतज्ज्ञ राव्हेनस्टाइनने 1885 मध्ये मांडलेल्या स्थलांतराच्या नियमांत, बहुतेक लोक थोड्याच अंतरावर जातात आणि प्रत्येक प्रवाहाला उलट प्रवाह असतो, असे म्हटले आहे. थोड्या अंतराचा नियम भारतीय जनगणनेत मुख्यतः बायकांच्या बाबतीत दिसतो: त्यांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण लग्न, आणि सासर बहुधा जवळपासचेच. तोडीवरची माणसे मात्र मोजणीत निसटतात. 2011 ची गणना 9 ते 28 फेब्रुवारी या काळात, ऐन गाळपात झाली. तेव्हा बाहेर असलेल्यांची नोंद झालीच, तर कारखान्याच्या तळावरच्या कोपीत (झोपडीत) झाली. गावच्या यादीत नाही. 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदाही राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता होता. त्यामुळे बेळगावला गेलेला मजूर कायद्याच्या कक्षेत येई, सांगलीला गेलेला येत नसे.

परिणाम सर्वांत आधी शाळेत दिसतात. दिवाळीनंतर पट कागदावर तेवढाच राहतो, वर्ग विरळ होतो. मुले मागे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे चालवली जातात. तिथे मुले बहुधा जेवतात आणि रात्री आजी-आजोबांकडे झोपतात, म्हणजे म्हाताऱ्यांवर घर आणि नातवंडे दोन्ही. वयात येणाऱ्या मुलीला गावात एकटे कसे ठेवायचे आणि उसाच्या फडावर कसे न्यायचे, या पेचातून लग्ने लवकर उरकली जातात. नवी जोडी म्हणजे नवा कोयता, हा हिशेबही त्यात असतो. परतलेल्या पैशातून पत्र्याची घरे पक्की होतात, मोटारसायकली येतात. मार्च 2020 च्या कोरोना टाळेबंदीत हाच ओघ उलटा वळला आणि आपल्याच गावच्या वेशीवर अनेकांना शाळेत विलग राहावे लागले. त्यानंतरच्या दसऱ्याला टोळ्या पुन्हा निघाल्या.