गोठ्याची माती

वाचक माउली, आषाढीच्या वाटेवर मुक्काम पडतो तेव्हा आपल्यापैकी कित्येकांच्या उशाला गोठ्याची भिंत येते. आत बैल रवंथ करीत असतो, नव्या सारवणाचा वास येत असतो. ती भिंत गेल्या उन्हाळ्यात उभी राहिली असेल, पण तिची माती फार जुनी असते.

दख्खनच्या गावात पिकते ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळी पिकाला उत्तम, भिंतीला मात्र निकामी. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. म्हणून भिंतीला पांढरी. ही पांढरी तरी कशाची? पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या घरांची, चुलीतल्या राखेची, शेणाची नि भुशाची. पडक्या वाड्याचा ढिगारा नातवाच्या गोठ्याला येतो. घोड नदीकाठच्या इनामगावी डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अशीच पांढरी उकरली, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीची कुडाची, मातीने लिंपलेली घरे सापडली.

गुरांच्या निवाऱ्याचा पुरावा याहूनही जुना आहे. १९५७ साली रेमंड ऑल्चिन यांनी तेलंगणातील उतनूरचे राखेचे टेकाड खणले. लाकडी खांबांच्या कुंपणाचे वाडगे, जळलेल्या शेणाचे थर आणि थरांत गुरांच्या खुरांचे ठसे, असे सारे तिथे निघाले. काळ सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी आपल्या विठुरायाचे मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात शोधले. ते कोणाला पटते, कोणाला नाही. पण या मुलखात माणूस आणि गुरे किती काळ एकमेकांच्या आधाराने राहिली, हे ती राख सांगते.

अशा भिंतीला पैसा कमी लागतो, पण घाई चालत नाही. माती भुसा-शेण घालून तुडवायची, काही दिवस भिजत ठेवायची, मग हात-दीड हाताचा थर चढवून तो वाळेपर्यंत थांबायचे. पडक्या घराचे दगड जोत्याला, जुन्या मेढी आणि तुळया छपराला, वर पाचट किंवा कडबा. पाखे लांब हवेत. भिंतीचे अंग भिजले तर सारवून भागते. पायात पाणी मुरले तर ती अचानक बसते, आणि खाली गाय असो की माणूस, ती पाहत नाही.

मंगळवेढ्याचे गावकूस असेच कोसळले. शके १२६०, म्हणजे १३३८ साल, असे परंपरा सांगते. कामावरचे चोखोबा आणि त्यांचे सोबती त्याखाली गेले. नामदेवराय अस्थी आणायला गेले ते आपण जाणताच, आणि महाद्वारासमोरच्या समाधीपुढे आपण वाकतोही. त्या ढिगाऱ्यातल्या बाकीच्यांची नावे मात्र कीर्तनात येत नाहीत. गावाच्या रक्षणाची भिंत ज्यांनी रचली, त्यांची घरे त्या भिंतीबाहेर होती, हेही तिथेच उभे राहून आठवावे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली, आणि लोकांचा मातीवरचा विश्वास उडाला. दोष सगळा मातीचा नव्हता. चिखलात रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि दरसाल माती चढवून जड झालेली माळवदे, असा तो भार होता. जिथे छत लाकडी खांबांवर होते, तिथे पुष्कळदा भिंत पडली तरी छत तगले. गोठा बांधणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे: छपराचा भार मेढींवर, भिंत बुटकी, छप्पर हलके. पत्र्याचा गोठा टिकतो खरा, पण वैशाखात दुपारी त्यात गाईची जीभ बाहेर येते.

मातीचा गोठा पडला तर चौकट दुसऱ्या गोठ्याला जाते, वासे चुलीला. उरलेली पांढरी शेतकरी गाडी भरून काळीत नेऊन टाकतो, खत म्हणून.