फौजदार, बहुरूपी आणि भाड्याची पुस्तके

मराठी कादंबरीचा इतिहास लिहिण्याचे काम ज्या विद्वानांनी आजवर अंगावर घेतले, त्यांनी रहस्यकथेची वासलात बहुधा एका परिच्छेदात, आणि तीही लोकप्रिय वाङ्मय अशा एखाद्या सरसकट मथळ्याखाली लावून टाकली आहे. याचा मला फारसा विषाद वाटत नाही. कारण ज्या पुस्तकांपायी दोन-तीन पिढ्यांतील वाचकांनी पानावरचा भात निवू दिला, त्या पुस्तकांना समीक्षकांच्या शिफारसपत्राची गरज कधीच नव्हती. खटकते ते इतकेच की, या उपेक्षेमुळे एक मनोरंजक प्रश्न कुणी नीटसा विचारलाच नाही. इंग्रजी रहस्यकथेत ज्या आसनावर गुन्ह्याचा छडा लावणारा बुद्धिमान पुरुष विराजमान असतो, त्याच आसनावर मराठी वाचकाने कायद्याला न जुमानणारा, पोलिसांना गुंगारा देणारा आणि तरीही अंतर्यामी न्यायनिष्ठ असा बहुरूपी एवढ्या प्रेमाने का बसवला?

पहिली गोष्ट ही की, आमच्या कादंबरीच्या बाल्यावस्थेत रहस्य होते, परंतु तपास नव्हता. 1861 च्या ‘मुक्तामाले’पासून अद्भुतरम्य कथानकांची जी परंपरा सुरू झाली, तिच्यात संकटे, वियोग आणि योगायोग यांची रेलचेल असे, मात्र संकट कुणी आणले हे शोधून काढण्याचा खटाटोप कुणाला करावा लागत नसे, ते यथाकाल आपोआपच उघडकीस येई. पुढे इंग्रजी शिकलेल्या पिढीच्या हाती रेनॉल्ड्स पडला. खुद्द इंग्लंडातील शिष्टांनी ज्याला दाराबाहेर उभे केले होते, त्या या ग्रंथकाराचे हिंदुस्थानात अपूर्व स्वागत झाले, आणि हरि नारायण आपट्यांसारख्या गंभीर प्रकृतीच्या लेखकाची 1885 मधील पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ हीदेखील त्याच्याच एका कादंबरीच्या आधाराने अवतरली. हरिभाऊ त्या प्रभावातून लौकरच बाहेर पडले. परंतु गोविंद नारायणशास्त्री दातारांनी तोच वारसा मनापासून सांभाळला, आणि ‘इंद्रभुवनगुहा’, ‘कालिकामूर्ती’, ‘शालिवाहन शक’ यांसारख्या कादंबऱ्यांतून मराठी वाचकाला रात्री दिवा मालवू न देण्याची कला हस्तगत केली. दातारशास्त्र्यांचे मराठी आजही वाचून पाहावे. संस्कृत पाठशाळेतील शुद्धता आणि कीर्तनकाराचा ओघ यांचा असा संगम नंतरच्या रहस्यकथाकारांत मला तरी आढळला नाही.

गंमत अशी की, लंडनच्या गल्ल्यांतून रहस्ये उसनी आणण्याचा हा उद्योग सुरू होण्यापूर्वीच एक अस्सल वेषधारी शोधक मुंबई शहरात वावरून गेला होता. चार्ल्स फोर्जेट हे त्याचे नाव. 1857 साली मुंबईच्या पोलिसांची सूत्रे त्याच्याकडे होती. जन्म हिंदुस्थानातलाच असल्यामुळे देशी भाषा त्याला सहज बोलता येत, आणि वेष पालटून वस्तीत हिंडण्याची त्याची हातोटी शहरात दंतकथेसारखी पसरली होती. त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास उठाव करण्याच्या इराद्याने पलटणीतील काही शिपाई सोनापूर येथे गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरी गुप्तपणे जमतात अशी खबर लागताच फोर्जेटने गंगाप्रसादाला बोलते केले, लगतच्या खोलीत दबा धरून भिंतीतील फटींतून त्या बैठका स्वतः पाहिल्या व ऐकल्या, आणि आपल्या शिपायांवर असा आळ येऊच शकत नाही असे मानणाऱ्या मेजर बॅरो या लष्करी अधिकाऱ्यालाही त्याच फटीशी आणून बसवले. त्या अंधाऱ्या खोलीत बसून आपलीच माणसे ओळखताना मेजरसाहेबांची जी अवस्था झाली असेल, ती रंगवण्यास एखादा कसलेला कादंबरीकारच हवा. तपास निर्दोष होता. परंतु त्याची परिणती अशी झाली की, 15 ऑक्टोबर 1857 रोजी सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोघांना एस्प्लनेडच्या मैदानावर तोफेच्या तोंडी देण्यात आले. ज्याच्या चातुर्याचा शेवट असा होतो, तो मनुष्य कितीही बुद्धिमान असला तरी मराठी कादंबरीचा नायक कसा होणार?

फोर्जेटचे राहू द्या. तालुक्याच्या गावातील साधा फौजदार घेतला तरी निराळा अनुभव नव्हता. ज्या सरकारने पोलीस खाते उभारले, त्या सरकारचाच त्यावर विश्वास नव्हता याचा लेखी पुरावा 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात सापडतो. त्याच्या पंचविसाव्या कलमाने असे ठरवून टाकले की, पोलीस अंमलदारापाशी दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून शाबीत करता येणार नाही. आणि सत्ताविसाव्या कलमाने त्यातून एवढीच वाट मोकळी ठेवली की, आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू हाती लागली, तर माहितीचा तेवढा अंश न्यायासनापुढे यावा. या दोन कलमांच्या चिमटीतून आपल्याकडील तपासाची सारी रीत घडली आहे. दोन पंच बोलवावयाचे, आरोपीने पुढे चालावयाचे, उकिरड्यात किंवा बाभळीच्या मुळाशी पुरलेला कोयता त्याने स्वतःच्या हाताने काढून द्यावयाचा, कारकुनाने त्याची लांबी-रुंदी आणि मुठीवरील डाग टिपून घ्यावयाचे, मुद्देमालावर लाखेची मोहोर उठवावयाची, आणि पंचांनी ‘वाचून दाखवला, बरोबर आहे’ म्हणून खाली सही किंवा अंगठा करावयाचा. हेच पंच दर खेपेस कसे काय नेमके त्याच रस्त्याने जात असतात, हे कोडे मात्र सोडवण्यास शेरलॉक होम्सही पुरा पडला नसता. पुढे 1902 साली नेमलेल्या फ्रेझर कमिशनने पोलीस खाते लाचखाऊ आणि जुलमी समजले जाते असा स्पष्ट अभिप्राय दिला. अर्थात लोकांना ही बातमी कमिशनकडून कळण्याची आवश्यकता नव्हती.

इंग्रजी रहस्यकथेचा तो सुप्रसिद्ध अखेरचा प्रसंग, ज्यात सर्व संशयितांना दिवाणखान्यात गोळा करून शोधक आपले तर्कजाल उलगडतो आणि खुनी हतबुद्ध होऊन इन्स्पेक्टरासमक्ष गुन्हा कबूल करतो, तो जसाच्या तसा मराठीत आणला की मला नेहमी हसू येते. कारण आपल्याकडे त्या कबुलीची किंमत कागदाएवढीही नाही, आणि दुसऱ्या दिवशी कुणीही बरा वकील त्या खुन्याला सोडवून घरी नेईल. मराठी लेखकांना कलमे पाठ होती असे मी म्हणत नाही. परंतु ठाण्यात झालेल्या तपासाने न्याय मिळत नसतो, ही जाणीव लेखक-वाचक दोघांच्याही हाडींमासी खिळलेली होती, आणि न्यायाला ठाण्याबाहेरची वाट शोधणे क्रमप्राप्त झाले होते.

वर्तमानपत्रांनीही याच समजुतीला खतपाणी घातले. 12 जानेवारी 1925 च्या संध्याकाळी मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या धनिकाच्या मोटारीला दुसरी मोटार घासली, बावला गोळ्यांना बळी पडला, आणि त्याच्या सोबत असलेल्या मुमताज बेगमच्या चेहऱ्यावर वार झाले. तिला पळवून नेण्याचा डाव फसला तो पोलिसांमुळे नव्हे; गोल्फ खेळून परतणारे काही गोरे लष्करी अधिकारी रस्ता चुकले आणि नेमके तेथे येऊन ठेपले, आणि त्यांतील एकाने हातातील गोल्फच्या काठीने हल्लेखोरांना झोडपून काढले, म्हणून ती बचावली. एखाद्या कादंबरीकाराने असा योगायोग योजला असता, तर संपादकाने हस्तलिखित साभार परत केले असते. खटल्याचे धागे इंदूर दरबारापर्यंत पोहोचले, आरोपींपैकी एकाचे वकीलपत्र जीनांनी घेतले होते, आणि दुसऱ्याच वर्षी तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. रोजच्या अंकात क्रमशः येणाऱ्या या हकीकतीने मराठी वाचकाला शहरी रहस्यकथेची जी चटक लावली, ती एखाद्या ग्रंथमालेनेही लावली नसती असे माझे मत आहे.

या तयार झालेल्या भूमीवर बाबूराव अर्नाळकर आले. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म 1906, मृत्यू 1996. आणि पुस्तकांची संख्या हजारावर. त्यांचा झुंजार पाहा किंवा काळापहाड पाहा, दोघेही सरकारदरबारी संशयित, दुर्जनांचे काळ आणि दुर्बलांचे पाठीराखे. धनंजय आणि छोटू ही जोडी रूढ अर्थाने शोधकांची खरी, पण वाचकाच्या काळजात घर केले ते पहिल्या दोघांनी. साचा विलायती होता हे उघड आहे. एडगर वॉलेस आणि लेस्ली चार्टरिस यांच्या पठडीतील सभ्य बंडखोरच गिरगावात येऊन मराठी बोलू लागला होता. तथापि शेकडो विलायती साच्यांतून नेमका हाच साचा मराठीत रुजला, आणि चिरूट ओढीत आरामखुर्चीवर तर्क लढवणारा पुरुष पाहुणाच राहिला, ही निवड वाचकांची आहे.

अर्नाळकरांविषयी माझे मत द्यावयाचे, तर ते असे. त्यांच्याकडे तर्काची चूक काढण्यात अर्थ नाही, कारण त्यांनी तर्काचा दावा केलेलाच नाही. सुगावे वाचकापुढे प्रामाणिकपणे मांडून त्याला खुनी ओळखण्याची समान संधी द्यावी, हा अगाथा ख्रिस्तीबाईंचा नियम त्यांच्या गावीही नव्हता. त्यांची खरी करामत गतीची. वाक्ये तुटक, प्रकरणे आखूड, वर्णन नावापुरते, आणि हजारांवर पुस्तके लिहूनही अश्लीलतेचा वारा लागू न देणारी लेखणी. त्यामुळे वडिलांनी उशाखाली ठेवलेले पुस्तक आईने दुपारी आणि मुलाने संध्याकाळी वाचले तरी घरात कुणाला अवघडल्यासारखे होत नसे. उणीव सांगावयाची तर त्यांची मुंबई: तिच्यात मोटारी, बंगले आणि गोद्या आहेत, परंतु सार्वजनिक नळावरची सकाळ नाही.

या गतीचे आणखी एक कारण आहे, आणि ते वाङ्मयीन नसून केवळ आर्थिक आहे. ही पुस्तके विकत घेऊन वाचण्याची नव्हतीच, ती भाड्याने आणण्याची होती. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे आणि मुंबईचे 1898 चे. या संस्थांनी ग्रंथांचे जतन केले. परंतु रहस्यकथेचा संसार चालला तो चाळीच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोपटात किंवा वाण्याच्या दुकानाशेजारी थाटलेल्या खाजगी लायब्ररीत. अनामत ठेवावी, वहीत नाव चढवावे आणि पुस्तक न्यावे. दुसऱ्या दिवशी परत केले तर एका दिवसाचे भाडे, नाहीतर मीटर चालूच. एका रात्रीत संपेल एवढीच कथा असणे हे वाचकाच्या सोयीचे, आणि लगोलग दुसरी तयार असणे हे लायब्ररीवाल्याच्या. त्याने पुस्तकाला पाठीमागून जाड दोऱ्याचे टाके घातलेले असत, वर खाकी कागद चढवलेला असे, त्यावर निळ्या शाईत क्रमांक. आणि आतील पानांवर कुणा पूर्ववाचकाने पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवण्याचा दुष्टपणा केलेला असे. अशी प्रत शे-दोनशे हातांतून गेल्यावर रद्दीत जाई. दातारशास्त्री ग्रंथालयांतून टिकले आणि अर्नाळकरांच्या जुन्या आवृत्त्या मिळेनाशा झाल्या, याचे कारण हेच.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटू लागले. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ने परदेशी गूढकथांचा सकस नमुना महिन्याच्या महिन्याला पुरवला, भालबा केळकरांनी होम्सला मराठी केले, आणि रहस्यकथा हळूहळू न्यायालयाच्या आवारात शिरली. आचार्य अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ 1962 साली रंगभूमीवर आले, त्याचा सारा खेळच आरोपीच्या पिंजऱ्याभोवती. जयंत देवकुळ्यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून राजा परांजप्यांनी 1964 मध्ये काढलेल्या ‘पाठलाग’चा नायकही वकील, आणि त्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ निघाला. गोव्याच्या मातीतून आलेल्या गुरुनाथ नाईकांनी अर्नाळकरांच्या तोडीचा ढीग रचला, मात्र त्यांचा कॅप्टन दीप हा देशाच्या सेवेत आहे, फरारी नाही. सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद आणि फिरोझ इराणी यांच्यासोबत अमर विश्वास नावाचा बॅरिस्टर उभा केला, जो साक्षीदाराची उलटतपासणी घेऊन रहस्य फोडतो. शिरवळकरांचे संवाद या साऱ्या मंडळींत सर्वांत चुरचुरीत, आणि ‘दुनियादारी’च्या कीर्तीखाली त्यांच्या या कथा झाकल्या गेल्या हे वाचकांचे नुकसान आहे. राज्य आपले झाल्यावर नायकाला बेकायदा राहण्याचे प्रयोजन उरले नाही, असा याचा अर्थ मी लावतो.

तरीही एक जागा रिकामीच राहिली. बॅरिस्टर आला, कप्तान आला, पत्रकारही आला. परंतु ज्याच्या टेबलावर पहिली फिर्याद दाखल होते, जो पावसात भिजत पंचनामा लिहितो, ज्याच्यावर वरिष्ठांचा दाब आणि गावातील पुढाऱ्याचा निरोप एकदमच येऊन आदळतो, तो फौजदार मराठी रहस्यकथेत अजून दुय्यमच आहे, आणि बहुतेक वेळा शेवटच्या प्रकरणात उशिराच पोहोचतो. बेल्जियमच्या सीमेनॉनने मेग्रेच्या रूपाने एका साध्या फ्रेंच पोलीस अधिकाऱ्याला पाऊणशे कादंबऱ्या पेलावयास लावल्या. आमच्याकडे बाबा कदमांसारखा, सरकारी वकिलीत मुरलेला आणि पोलीस ठाण्याचे कागद आतून-बाहेरून वाचलेला लेखक होऊन गेला. तसल्या फौजदाराची एखादी मालिका त्यांनी मनावर घेतली असती, तर कोल्हापूरच्या एखाद्या लायब्ररीवाल्याने तिच्या दहा-दहा प्रती घेतल्या असत्या याविषयी मला शंका नाही.