काजळी, सरस आणि सहाण

पारंपरिक चिनी शाई घट्ट कांडीच्या रूपात असते. दगडी सहाणेवर थोडे पाणी घेऊन कांडी उगाळायची आणि शाई हवी तेवढी दाट झाली की कुंचला बुडवायचा, ही तिची रीत. कारागीर शाई अर्धीच बनवतो, उरलेली लिहिणाऱ्याच्या हाताखाली तयार होते. म्हणून कांडीचा इतिहास दगडाला सोडून सांगता येत नाही.

आरंभी कांडी नव्हतीच. हुपेइ प्रांतातल्या श्वेइहूती येथे १९७५-७६ साली झालेल्या उत्खननात इ.स.पू. तिसऱ्या शतकातले एक थडगे उघडले. त्यात शाईचा लहानसा तुकडा, दगड आणि वर दाबून वाटायचा छोटा वरवंटा मिळाला. एवढासा तुकडा चिमटीत धरून उगाळणे कठीण, म्हणून वरवंटा. हान काळाच्या उत्तरार्धात शाई मोठ्या आकारात घडवली जाऊ लागली, तशी ती थेट हातात धरता आली आणि वरवंटा मागे पडला.

शाईचे मुख्य घटक दोनच, काजळी आणि जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरस. महाराष्ट्रातल्या पोथ्यांची शाईही काजळाचीच, पण तिथे बांधणीला डिंक असे आणि शाई दौतीत पातळ ठेवली जाई. सहाव्या शतकातल्या च्या सश्ये याच्या कृषिग्रंथात शाईची कृती आहे. सोळा भाग काजळीला पाच भाग सरस, शिवाय अंड्याचा पांढरा बलक आणि कस्तुरी. हा गोळा लोखंडी खलात तीस हजार वेळा कुटायचा, त्याहून जास्त कुटला तर उत्तमच. उकाड्यात सरस नासून वास मारतो आणि कडक थंडीत शाई वाळत नाही, त्यामुळे हंगामही बेताचाच.

काजळी प्रथम पाइनच्या लाकडापासून धरत. सुंग यिंगशिंगने १६३७ च्या आपल्या ग्रंथात तिचे बारकाईने वर्णन केले आहे. झाड तोडण्याआधी बुंध्याशी लहान भोक पाडून आत दिवा लावत. त्याच्या ऊबेने अंगभरची राळ वाहून जाई, कारण थोडी जरी राळ उरली तरी शाईत गुठळ्या राहतात. मग लाकूड जाळून धूर कागदाने मढवलेल्या, दहा-बारा खोल्यांएवढ्या लांब बांबूच्या बोगद्यात सोडत. अगदी शेवटच्या टोकाला बसलेली काजळी सर्वांत बारीक, ती उंची शाईसाठी. आगीजवळची भरड काजळी छापणाऱ्यांना आणि रंगाऱ्यांना विकली जाई.

या धंद्याने डोंगर बोडके केले. अकराव्या शतकात शन ख्वो या विद्वानाने लिहून ठेवले आहे की शानतुंगकडची पाइनची वने संपली आणि इतरत्रही निम्म्याहून अधिक उजाड झाली. त्याने स्वतः उत्तर शाआन्शीतल्या खनिज तेलाच्या धुरातून काजळी धरून शाई बनवली आणि ती पाइनच्या शाईहून सरस ठरवली. तुंग तेलाच्या दिव्यावरची काजळी मात्र व्यवहारात टिकली. सोळा भाग तेलातून ती जेमतेम एक भाग निघते. तिची शाई चकचकीत, तर पाइनची निळसर आणि मंद.

थांग काळाच्या अखेरच्या धामधुमीत उत्तरेकडचे शाई बनवणारे शी घराणे दक्षिणेत आजच्या आन्ह्वेइतल्या डोंगराळ भागात येऊन स्थिरावले. दक्षिण थांगच्या राजाने त्यांना आपले ली आडनाव दिले, आणि त्यांच्यातल्या ली थिंगक्वेइचे नाव उत्तम शाईचे दुसरे नाव झाले. ११२१ साली या भागाला ह्वेइचौ म्हणू लागले आणि तिथल्या शाईलाही तेच नाव चिकटले. मिंग काळात तिथे छंग तायुए आणि फांग यूलू या शाई बनवणाऱ्यांची स्पर्धा इतकी पेटली की दोघांनीही आपापल्या कांड्यांच्या नक्षीचे चित्रग्रंथ छापले. छंगच्या ग्रंथात जेझुइट धर्मप्रचारक मातेओ रिच्चीने दिलेली बायबलमधली चित्रेही आहेत! शाई लिहिण्याइतकीच जपून ठेवण्याची वस्तू झाली होती, हे यावरून कळते.

दगडांत क्वांगतुंगमधल्या चाओछिंगचा त्वान दगड पहिला मानतात, त्याखालोखाल वूयुआनचा श. दगड फार गुळगुळीत असला तर कांडी घसरते, खरखरीत असला तर शाई जाड उतरते आणि कुंचल्याचे केसही झिजतात. दोहोंच्या मधला पोत या खाणींत मिळाला. त्वानमधले डोळ्यासारखे ठिपके रसिकांना फार मोलाचे वाटत, त्यांच्यामुळे शाई चांगली होते असे मात्र नाही. त्वान दगड दरबाराला नजराणा म्हणून जाई. बाओ चंग तिथे अधिकारी असताना त्याने आधीच्या अधिकाऱ्यांची कित्येक पट जादा वसुली बंद करून ठरलेलेच दगड घेतले आणि जाताना एकही स्वतःसाठी नेला नाही, असे सुंग घराण्याच्या इतिहासात नोंदले आहे.

१८६५ साली पेइचिंगमध्ये यीतकं नावाचे दुकान निघाले. सरकारी अधिकारी निवडण्याच्या परीक्षेच्या वेळी शाई उगाळण्यात उमेदवारांचा वेळ जाई, त्यांच्यासाठी तिथे तयार पातळ शाई विकायला आली. १९०५ मध्ये या परीक्षा बंद झाल्या, पण बाटलीतली शाई राहिली. शाळा-कचेऱ्यांतल्या लेखनातून कांडी हळूहळू गेली. ह्वेइचौची शाई आणि त्वान व श दगडांच्या कारागिरीला २००६ साली चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत जागा मिळाली. तुंग तेलाच्या दिव्यांवरची काजळी ह्वेइचौतल्या काही कारखान्यांत अजूनही हाताने खरवडली जाते.