०.५२८ : एका 'इफ'चा इतिहास

न्यूमॅटिक सिस्टिमचं सिम्युलेशन करणारा कुठलाही कोड उघडा, त्यात एक 'इफ' हमखास सापडतो. भोकाच्या पुढचा दाब भागिले मागचा दाब ०.५२८ पेक्षा कमी असेल तर एक सूत्र, जास्त असेल तर दुसरं. आपण तो कॉपी-पेस्ट करून पुढे जातो. पण मंडळी, हा 'इफ' कळायला जवळजवळ अर्धं शतक लागलंय!

तर सुरुवात १८३९ मध्ये, पॅरिसला. सेंट-व्हेनांत हा रस्ते-पूल खात्यातला इंजिनिअर, आणि व्हान्त्झेल हा पंचविशीतला गणिती. (कंपास-पट्टीने कोनाचे तीन समान भाग सगळ्याच कोनांचे करता येत नाहीत, हे १८३७ मध्ये सिद्ध करणारा तो हाच.) दोघांनी मिळून छोट्या भोकातून किती हवा जाते याचं सूत्र मांडलं. आजही आपण तेच वापरतो.

पण त्या सूत्रात एक गंमत आहे. टाकीतला दाब कायम ठेवून बाहेरचा दाब कमी करत गेलं, की प्रवाह वाढतो. इथवर ठीक. ०.५२८ ला तो कमाल होतो, आणि त्यानंतर चक्क कमी व्हायला लागतो! बाहेर पूर्ण निर्वात असेल तर उत्तर शून्य. म्हणजे निर्वात पोकळीत हवा शिरणारच नाही. काहीतरीच!

आपण असतो तर 'बग' म्हणून सूत्र फेकून दिलं असतं. या दोघांनी निर्वात केलेल्या भांड्यात हवा सोडून मोजमाप केलं. प्रवाह कमी होत नव्हता. एका मर्यादेनंतर स्थिर राहत होता. त्यांनी निष्कर्ष काढला, की भोकातला दाब आणि पलीकडच्या भांड्यातला दाब एकच असतो हे आपलं गृहीतक चुकतंय, सूत्र नाही. मला हे फार आवडतं.

का स्थिर राहतो, हे मात्र अधांतरीच राहिलं. व्हान्त्झेल तर १८४८ मध्ये वयाच्या ३३ व्या वर्षी गेला. रात्र रात्र काम, कॉफी आणि अफू, जेवणाच्या वेळांचा पत्ता नाही, असं खुद्द सेंट-व्हेनांतनेच लिहून ठेवलंय. (रिलीजच्या आठवड्यात आपलं काय वेगळं असतं म्हणा. अफू सोडून.)

पुढे १८८५ मध्ये मँचेस्टरला हेन्री वाइल्डने हवेवर प्रयोग केले, आणि त्यावरून तिथल्याच ऑसबोर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये उलगडा केला. हो, रेनॉल्ड्स नंबरवालाच. दाब कमी झाल्याची 'बातमी' हवेतून ध्वनीच्या वेगाने जाते. भोकातली हवाच त्या वेगाने बाहेर येत असेल, तर बातमी उलट दिशेने आत पोचणार कशी? टाकीला पलीकडे काय चाललंय याचा पत्ताच नसतो. टाकीतली हवा २० अंशांची असेल तर भोकात ती गार होते आणि तिथे हा वेग सेकंदाला सुमारे ३१३ मीटर भरतो.

हे रोजचंच आहे. गाडीच्या ३० पीएसआयच्या टायरची पिन दाबलीत तर हे गुणोत्तर ०.३३ च्या आसपास येतं. आदर्श हिशेबाने दाब साधारण १३ पीएसआयवर येईपर्यंत हवा ध्वनीच्या वेगानेच सुटते.

खऱ्या व्हॉल्व्हला मात्र ०.५२८ हा आकडा पाळायचं बंधन नाही. धारदार कडेच्या भोकात हवेची धार बाहेर पडल्यावर आकसते, ती किती आकसते हे दाबावर ठरतं, त्यामुळे प्रवाह ०.५२८ च्या खालीही थोडा वाढत राहतो. म्हणून १९८९ च्या आयएसओ ६३५८ मध्ये हा आकडा गृहीत न धरता प्रत्येक व्हॉल्व्हसाठी मोजून 'बी' म्हणून द्यायचा ठरला, आणि मधल्या वक्राला लंबवर्तुळाचा तुकडा जोडला. मला हा सौदा पटतो. पाठ्यपुस्तकातला आकडा डोळे मिटून टाकला की सिलिंडरची वेळ चुकते, आणि आपण उगाच घर्षणाला शिव्या देत बसतो.

आणि हो, दोन्ही बाजूंचे दाब जवळजवळ सारखे झाले की वक्राचा चढ अनंत होतो आणि सॉल्व्हर तिथे अडखळत बसतो. त्यासाठी तिथे सरळ रेषेचा एक छोटा तुकडा जोडतात. म्हणजे आणखी एक 'इफ'.