ऊर्फ, महजर आणि काझीचा शिक्का

‘ऊर्फ’ हा शब्द मराठी वाचकाच्या नजरेखालून रोज जातो. एक नाव कागदावरचे, दुसरे लोकांच्या तोंडचे. दोहोंच्या मध्ये तो उभा असतो. मूळ अरबीत ‘उर्फ’ म्हणजे लोकांना ठाऊक असलेले, लोकांत मान्य झालेले. इस्लामी धर्मशास्त्रात, म्हणजे फिक्हमध्ये, रूढीला हीच संज्ञा आहे. तिच्या जोडीची ‘आदा’ आपल्याकडे ‘आदत’ होऊन आली. मामूल, रिवाज, दस्तूर, शिरस्ता हे शब्दही अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत स्थिरावले. रूढीचा विषय निघाला की मराठीने इतके परके शब्द उचलावेत, याचे नवल वाटते. परंतु हे शब्द ज्या कागदांतून आले ते पाहिले म्हणजे नवल उरत नाही. ते कागद दक्खनच्या न्यायनिवाड्यांचे आहेत आणि त्यांवर काझीचे शिक्के आहेत.

शरीयत म्हणजे ग्रंथातील अक्षर, तेथे लोकांच्या चालीरीतींना जागा नाही, अशी समजूत आपल्यांत बरीच पसरलेली आहे. ती सर्वस्वी चुकीची नाही. कुराण, सुन्ना, इज्मा आणि कियास ही फिक्हची चार मुळे मानली जातात आणि त्यांत रूढीचे नाव नाही. पण मुळांत नसलेली गोष्ट खोडात आणि फांद्यांत दिसते. अस्तित्वात नसलेल्या वस्तूची विक्री अवैध, हा सर्वसाधारण नियम. मग मोच्याला पायाचे माप देऊन जोडा शिवायला सांगणे वैध कसे? दक्खनमध्ये ज्या हनफी संप्रदायाचे वर्चस्व राहिले, त्याच्या शास्त्रकारांचे उत्तर असे की, लोक हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आणि कोणी हरकत घेतली नाही, म्हणून तो वैध. वधूचा मेहर ठरला नसेल, तर तिच्या पित्याकडील स्त्रियांना, बहिणींना, आत्यांना काय मिळाले ते पाहून तो ठरवावा, असेही शास्त्रच सांगते. म्हणजे आकडा शेवटी त्या घराण्याची आणि त्या मुलखाची चालच देते.

याहून मार्मिक वाद धान्याच्या मापाचा आहे. अफझलगंज हा मूळचा धान्याचा गंज. पाचवे निजाम अफझलउद्दौला (कारकीर्द १८५७ ते १८६९) यांच्या नावाने तो वसला. पायली-शेराने मोजण्याची चाल जाऊन तराजूने तोलण्याची चाल केव्हा आली, याच्या आठवणी जुन्या व्यापारी घरांत असतात. हा फरक फिक्हच्या दृष्टीने किरकोळ नव्हे. गव्हाच्या बदल्यात गहू घ्यावयाचा तर तो समसमान हवा, अधिक घेतला तर ते व्याज. आता समानता मापाने पाहावयाची की वजनाने? प्रेषितांच्या काळी गहू मापाने मोजीत, म्हणून तो कायम मापाचाच, असे इमाम अबू हनीफा (मृत्यू इ. स. ७६७) यांचे मत. त्यांचेच शिष्य आणि हारून अल्‌-रशीदच्या बगदादचे मुख्य काझी अबू युसूफ (मृत्यू ७९८) यांच्या नावावर वेगळे मत सांगितले जाते. त्या काळची चाल मापाची होती म्हणून वचनात माप आले. चाल बदलली तर वजन चालेल. खुद्द वचनाच्या पोटात रूढी बसलेली असू शकते, हे म्हणण्यास धैर्य लागते. शिष्याने गुरूशी असा मतभेद नोंदवावा आणि दोन्ही मते एकाच ग्रंथात शेजारी शेजारी जपली जावीत, ही परंपरा मला फार मोलाची वाटते. पुढे दमास्कसचे इब्न आबिदीन (मृत्यू १८३६) यांनी रूढीवर स्वतंत्र प्रबंध लिहिला. १८६९ ते १८७६ या काळात सिद्ध झालेल्या तुर्की साम्राज्याच्या ‘मजल्ला’ या संहितेने तर, वादात रूढीला पंच मानावे, अशा आशयाचे कलमच आरंभीच्या सूत्रांत घातले.

हे झाले ग्रंथांतले. आपल्या गावांत काय घडत होते? आदिलशाहीत आणि निजामशाहीत पाटिलकी, कुलकर्ण, देशमुखी यांचे तंटे मजलिशीपुढे येत. मजलिशीत काझी असे, सरकारी अंमलदार असत, आणि देशमुख, देशपांडे, पाटील, शेटे-महाजन, बलुतेदार हे गोतही असे. निवाड्याचा कागद म्हणजे महजर. हा शब्दही अरबी. ‘हजर’ शब्दाचा सख्खा भाऊ. त्यावर काझीचा फारसी शिक्का, आणि खाली मोडीतल्या मजकुराला पाटलाचा नांगर, सुताराचा वाकस, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या. शास्त्राच्या काटेकोर अर्थाने पाहिले तर या कागदातील पुष्कळ गोष्टी काझीने मान्य करावयाच्या नव्हत. मुसलमानाविरुद्ध इतर धर्मीयाची साक्ष शास्त्रात चालत नाही. येथे मात्र गोताच्या साक्षीवाचून वतनाचा निवाडाच होत नसे. तापल्या तेलातून धातूचा तुकडा काढण्याच्या रवादिव्याला फिक्हमध्ये कोठेही आधार नाही. तरीही दिव्य करून खरा-खोटा ठरल्याच्या हकिकती या मजलिशींच्या कागदांत येतात. काझीला शास्त्र ठाऊक नव्हते, असे म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. वतन ही वस्तूच शास्त्राने घडविलेली नव्हती, ती या मुलखाच्या वहिवाटीने घडविली होती. तेव्हा तिचा निवाडा वहिवाटीनेच करावा, ही समज त्यामागे असावी.

आणि काझी तरी त्या वहिवाटीच्या बाहेर कोठे राहिला? काझीपद हे विद्वत्तेवर आणि राजाज्ञेवर मिळणारे पद. बापाकडून मुलाकडे जाणारी ती मिळकत नव्हे. दक्खनमध्ये आल्यावर तेच पद इनाम जमिनीसह वंशपरंपरेचे झाले, भावाभावांत वाटले गेले, आणि मराठी राज्यातही चालू राहिले. शेवटी १८७७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले की, मुसलमानी शास्त्राप्रमाणे काझीपद वंशपरंपरागत नसते!

गावपातळीवर हीच गोष्ट मुलाण्याची. बारा बलुतेदारांची नावे विद्यार्थ्यांना विचारली तर त्याचे नाव हमखास गळते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात तो आपल्या जागी आहे. मशिदीची व्यवस्था पाहणारा, बकरे हलाल करणारा, आणि त्याबद्दल खळ्यावर इतरांच्या बरोबरीने बलुते घेणारा. गावदेवीच्या जत्रेतले बकरेही अनेक गावांत त्याच्याच हातून कापले जाई.

येथवर वाचून रूढी म्हणजे सलोखा आणि ग्रंथ म्हणजे ताठरपणा, असा समज होईल. तो मला होऊ द्यावयाचा नाही. एल्फिन्स्टनच्या अमदानीत झालेल्या मुंबईच्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनने सरकारी कायद्याच्या खालोखाल मान दिला तो देशरिवाजाला, आणि त्यानंतर प्रतिवादीच्या धर्मशास्त्राला. १८४७ मध्ये मुंबईत सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे खोजा आणि मेमण कुटुंबांचे खटले आले. मुलींनी बापाच्या मिळकतीत कुराणाने दिलेला वाटा मागितला होता. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, आम्ही मूळचे हिंदू, धर्म बदलला तरी मुलींना वारसा न देण्याची चाल आम्ही सोडली नाही. चाल सिद्ध झाली आणि मुली हरल्या. ग्रंथाने दिलेले रूढीने काढून घेतले, आणि तेही न्यायालयाच्या शिक्क्यानिशी. मजलिशीतली रूढी गोताच्या तोंडी होती, म्हणून गोत बदलले की तीही थोडी वळत असे. न्यायालयात एकदा सिद्ध झालेली रूढी मात्र छापील अहवालात जाऊन बसली आणि पुढच्या खटल्यांना नजीर झाली. माझ्या मते मोठे स्थित्यंतर झाले ते येथे. विद्वानांची चर्चा मात्र बहुधा पुढच्या कायद्यापासून सुरू होते.

तो कायदा १९३७ चा शरीयत अधिनियम. विरुद्ध चाल असली तरी विवाह, मेहर, तलाक, वारसा इत्यादी बाबींत मुसलमानांना शरीयतच लागू होईल, असे त्याने ठरविले. मुलींना वाटा मिळावा, हे त्याच्या पुरस्कर्त्यांचे एक मुख्य म्हणणे होते. कच्छी मेमणांचा स्वतंत्र कायदा लगोलग १९३८ मध्ये आला. हैदराबाद संस्थान तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर असल्याने १९३७ चा कायदा येथे लागू नव्हता. संस्थान विलीन झाल्यानंतर काही वर्षांनी तो आला.

त्या कायद्यात एक कंस आहे. शेतजमीन वगळून, असे त्यात म्हटले आहे. १९३५ च्या घटनेप्रमाणे शेतजमीन हा प्रांतांचा विषय, म्हणून मध्यवर्ती कायदेमंडळाने तिला हात लावला नाही, हे त्याचे कारण. काही राज्यांनी पुढे हा कंस आपल्यापुरता काढला, काहींनी ठेवला. पाटलाच्या नांगराची निशाणी ज्या जमिनीच्या महजरांवर उमटत असे, ती जमीन अशी या अधिनियमाच्या मूळ अक्षरांत रूढीच्याच पदरी राहिली, आणि तिच्यातला मुलीचा वाटाही.