पेटंट होतं, कारखाना नव्हता

५ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी आमच्या रोडपालीच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच बातमी सतरा वेळा फॉरवर्ड झाली. तळोजात चिपचा कारखाना येणार. अदानी समूह आणि इस्राएलची टॉवर सेमीकंडक्टर ही कंपनी, गुंतवणूक ८३,९४७ कोटी रुपये, दोन टप्पे, पहिल्या टप्प्यात महिन्याला ४०,००० वेफर. राज्य मंत्रिमंडळाच्या उपसमितीने मंजुरी दिली होती. वेफर म्हणजे बटाट्याचे का, हा विनोद लगेच आला. त्यामागोमाग फ्लॅटचे भाव किती वाढतील याचा हिशेब आला. डिप्लोमा करणाऱ्या एका मुलाने विचारलं, ‘यात आपल्याला काय करायला मिळेल?’ त्याला कोणी उत्तर दिलं नाही.

रोडपालीत राहणाऱ्याला तळोजा एमआयडीसी वासावरूनही ओळखता येते. रात्री वारा फिरला की खिडक्या लावायच्या, हे इथे शिकवावं लागत नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये याच पट्ट्यातले भटके कुत्रे निळे झालेले जगभरच्या बातम्यांत दिसले होते, कासाडी नदीत सोडलेल्या रंगाच्या पाण्याने. त्यामुळे इतकं स्वच्छ काम, ज्यात धुळीचा एक कण पडला तरी माल फुकट जातो, ते आपल्या शेजारी होणार म्हटल्यावर हसूही आलं आणि छातीही फुगली.

मग २०२५ मध्ये बातम्या आल्या की अदानींनी टॉवरबरोबरची बोलणी थांबवली आहेत. ग्रुपवर ही बातमी एकदाच आली.

त्या मुलाचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. चिप बनवण्याची विद्या कोणाची, तिच्यावर हक्क कोणाचा आणि कारखाना कोणाच्या दारात, या तीन गोष्टी आपण एकच समजतो. त्या किती वेगळ्या आहेत हे पाहायचं तर सव्वाशे वर्षं मागे, लंडनला जावं लागेल. १९०१ साली त्या शहरात दोन भारतीय होते. एकाला पेटंट नको होतं. दुसऱ्याला पेटंटाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

पहिले जगदीशचंद्र बोस. त्यांचं नाव शाळेत ‘वनस्पतींना संवेदना असतात’ या धड्यात भेटतं आणि तिथेच राहतं. पण बोस त्याआधी विद्युतलहरींवर काम करत होते. लहरी आल्या आहेत हे ओळखायचं कसं, हा तेव्हाचा मोठा प्रश्न होता. बोसांनी गॅलेना नावाचं शिशाचं खनिज घेतलं, त्यावर धातूचं टोक हलकेच टेकवलं आणि त्या सांध्यातून जाणारा प्रवाह मोजला. तारेतून वीज जाते तशी ती या सांध्यातून सरळ हिशेबाने जात नाही. लहर पडली की प्रवाह बदलतो. उजेड पडला तरी बदलतो. ‘सेमीकंडक्टर’ हा शब्द रोजच्या वापरात यायला अजून बराच अवकाश होता, पण वस्तू तीच होती. बोस तिला कृत्रिम डोळ्याचा पडदा म्हणत. तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यात उजेड पकडणारी जी चकती आहे, तिच्या खापरपणजोबांपैकी एक म्हणजे हा गॅलेनाचा तुकडा, असं म्हणायला हरकत नाही.

मे १९०१ मध्ये रवींद्रनाथ टागोरांना लिहिलेल्या पत्रात बोसांनी एक हकीकत सांगितली आहे. तारायंत्राच्या एका बड्या कंपनीचा लक्षाधीश मालक त्यांच्या व्याख्यानाआधी येऊन विनवण्या करून गेला : सगळं उघड करू नका, पेटंट घ्या, पैसा मी घालतो, नफ्यात अर्धा वाटा. बोसांना त्या माणसाच्या हावेचीच किळस आली. विद्या विकायची नाही, हा त्यांचा बाणा.

पण त्यांच्याभोवतीच्या दोन स्त्रियांना तो बाणा परवडणारा वाटत नव्हता. भगिनी निवेदिता आणि विवेकानंदांच्या अमेरिकन शिष्या सारा बुल यांनी त्यांना बरंच मनवलं. ३० सप्टेंबर १९०१ रोजी अमेरिकेत अर्ज गेला आणि २९ मार्च १९०४ रोजी पेटंट मिळालं, क्रमांक ७,५५,८४०. त्यातला अर्धा हक्क सारा बुल यांच्या नावावर. सेमीकंडक्टर उपकरणावरचं हे जगातल्या अगदी पहिल्या पेटंटांपैकी एक. अमेरिकेत तेव्हा पेटंटची मुदत १७ वर्षं असायची. बोसांनी त्या काळात ते पेटंट वापरून एक पैसा कमावला नाही. मुदत सरली, कागद सगळ्यांचा झाला. पुढे १९४७ मध्ये बेल लॅबमध्ये ट्रान्झिस्टर जन्मला. तो घडवणाऱ्यांपैकी वॉल्टर ब्रॅटन याने १९५५ मध्ये सेमीकंडक्टर संशोधनाचा इतिहास लिहिताना, रेडिओलहरी ओळखण्यासाठी अशा स्फटिकाचा पहिला वापर बोसांचा, अशी नोंद केली. मान मिळाला. पण तोवर बोसांना जाऊन १८ वर्षं झाली होती.

बोसांच्या बाण्याचं आपल्याला कौतुक वाटतं, आणि वाटावंही. पण एक गोष्ट त्यात सहज झाकली जाते. बोस प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक होते. महिन्याचा पगार येत होता. ज्याला असा पगार नाही, त्याने काय करायचं?

तो दुसरा माणूस आपल्या मुंबईचा. शंकर आबाजी भिसे, जन्म १८६७. नाव ऐकलं नसेल तर दोष तुमचा नाही. याच काळातल्या मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवलं, ही दंतकथा आपल्याला माहीत असते. तिच्यावर २०१५ मध्ये हिंदी सिनेमाही आला. त्या विमानाचा धड पुरावा नाही. ज्याची पेटंटं कार्यालयांत नोंदलेली आहेत, त्या भिशांवर सिनेमा नाही. आपल्याला कागदपत्रांपेक्षा आख्यायिका जास्त भावते, दुसरं काय!

भिसे शिकले ते बरंचसं ‘सायंटिफिक अमेरिकन’ हे मासिक वाचून, असं त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं. म्हणजे आज एखादा पोरगा यूट्यूबवर बघून ड्रोन बनवतो, त्यातलाच प्रकार. विशीत त्यांनी काय काय केलं? आतला माल बदलता येणार नाही अशी बाटली. मुंबईच्या लोकलसाठी स्टेशनचं नाव दाखवणारं यंत्र. हो, ‘पुढील स्टेशन’ ही कल्पना एका मराठी माणसाला एकोणिसाव्या शतकातच सुचली होती. विज्ञानाची आवड असणाऱ्यांचा एक क्लब त्यांनी मुंबईत काढला, ‘विविध कलाप्रकाश’ नावाचं मराठी मासिकही चालवलं.

मग लंडनच्या एका शोधकांच्या नियतकालिकाने स्पर्धा लावली : किराणा माल आपोआप तोलून देणारं यंत्र सुचवा. इंग्रज स्पर्धकांना मागे टाकून भिसे जिंकले. या एका बक्षिसाने मुंबईतल्या बड्या लोकांचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. दिनशा वाच्छांनी दादाभाई नौरोजींच्या नावाने पत्र दिलं आणि शतक संपता संपता भिसे लंडनला पोचले.

इथे जरा थांबून बघा. दादाभाई म्हणजे भारताची संपत्ती इंग्लंडला कशी वाहून जाते याचे आकडे मांडणारा माणूस. त्यांनी या तरुणाच्या यंत्रांत स्वतःचा पैसा घातला. एक भारतीय शोध इंग्लंडच्या बाजारात विकला गेला तर निदान एक धार उलट वाहील, असं त्यांना वाटलं असेल का? मला तरी तसं वाटतं.

लंडनमध्ये भिशांच्या डोक्यातून यंत्रं एकामागून एक बाहेर पडत होती. स्वयंपाकघरातली उपकरणं, डोकेदुखीवरचं साधन, आपोआप फ्लश होणारा संडास. विजेवर चालणारी त्यांची जाहिरातपाटी ‘व्हर्टोस्कोप’ क्रिस्टल पॅलेसमध्ये झळकली. पण त्यांचा जीव अडकला होता तो छपाईच्या खिळ्यांत.

आज खिळे म्हटल्यावर सुताराचे आठवतात, म्हणून सांगतो. तेव्हा प्रत्येक अक्षर हा शिशाच्या मिश्रधातूचा एक तुकडा असे. अक्षराचा साचा घ्यायचा, वितळलेला धातू ओतायचा, थंड झाला की खिळा बाहेर. असे लाखो खिळे ओतायचे आणि मग जुळाऱ्याने ते एकेक करून जुळवायचे. भिसे वाढले त्या मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरची टाइप फाउंड्री होती. देवनागरीचे देखणे खिळे तिथे ओतले जात. एकट्या ‘क’ला काना, मात्रा, वेलांटी, उकार, जोडाक्षरं धरून किती खिळे लागतील ते मोजून बघा. खिळा झटपट आणि स्वस्तात ओतला जाणं याचं मोल मराठी माणसाला निराळं समजावून सांगायला नको होतं. भिशांचं ‘भिसोटाइप’ यंत्र मिनिटाला १,२०० खिळे ओतू शकतं, असं सांगितलं जाई. प्रचलित यंत्रांच्या कितीतरी पुढे.

पेटंट घेतलं. आता यंत्र बनवून विकायचं. आणि तिथे घोडं अडलं.

कारण पेटंट म्हणजे पैसा नव्हे. दुसऱ्याला अडवायचा हक्क, बस इतकंच. इंग्लंडमध्ये तो १४ वर्षांसाठी मिळे आणि टिकवायचा तर मधूनमधून फी भरावी लागे. यंत्र कारखान्यात तयार होवो न होवो, फी चालू आणि घड्याळही चालू. शिवाय बाजारात आधीच पाय रोवून बसलेल्या छपाईयंत्रांच्या कंपन्या होत्याच. त्यांना फक्त वाट बघायची होती.

दादाभाईंची ऐपत संपत आली तेव्हा त्यांनी आपले मित्र हेन्री हिंडमन यांच्याकडे शब्द टाकला. हिंडमन म्हणजे इंग्लंडमधले त्या वेळचे आघाडीचे मार्क्सवादी. एका भारतीयाच्या यंत्रासाठी भांडवल गोळा करायला मार्क्सवादी पुढारी दारोदार फिरतो आहे, हे चित्र मला राहून राहून गमतीशीर वाटतं. अर्थात पैसा काही जमला नाही. १९०७ मध्ये दादाभाई कायमचे भारतात परतले. १९०८ च्या अखेरीस भिशांनीही परतीची बोट धरली.

त्या बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले होते. गोखल्यांनी भिशांची कहाणी ऐकली आणि मुंबईत जमशेटजींचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांच्याकडे रदबदली केली. टाटांनी पैसा घातला, ‘टाटा-भिसे’ नावाची संस्था उभी राहिली, भिसे पुन्हा कामाला लागले. एका यंत्रामागे नौरोजी, वाच्छा, गोखले, टाटा. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ही नावं वेगवेगळ्या धड्यांत येतात. इथे ती एका खिळे ओतणाऱ्या यंत्राभोवती जमली होती. पण १९१४ मध्ये महायुद्ध आलं आणि तेही अडखळलं. भिसे अमेरिकेला गेले.

न्यूयॉर्कमध्येही त्यांनी खिळ्यांची यंत्रं सोडली नाहीत. पण त्यांचं जे बाजारात टिकलं ते भलतंच : आयोडिनपासून बनवलेलं एक औषध, ‘अ‍ॅटोमिडीन’. एडगर केसी नावाच्या अमेरिकन भविष्यवेत्त्याने ते आपल्या भक्तांना सुचवलं, आणि त्या नावाच्या बाटल्या त्याचे अनुयायी अजूनही घेतात. बाटलीमागे मुंबईचा माणूस आहे हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. १९३० मध्ये भिसे खुद्द एडिसनला भेटले. ‘भारताचा एडिसन’ हे बिरूद त्यांना केव्हाच चिकटलं होतं. मला ते कधी पटलं नाही. एडिसनच्या पाठीशी बँका होत्या, वकिलांची फौज होती, स्वतःचे कारखाने होते. भिशांच्या नावावर सुमारे २०० शोध आणि ४० पेटंटं सांगितली जातात, पण त्यांच्या मालकीचा, वर्षानुवर्षं चाललेला कारखाना नव्हता. ७ एप्रिल १९३५ रोजी ते न्यूयॉर्कमध्येच वारले.

आता परत तळोजाकडे. चिप बनवणं ही मुळात छपाईच आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत लॅथ्रॉप आणि नॉल या दोघांनी प्रकाशाच्या मदतीने सेमीकंडक्टरवर नक्षी उमटवायची रीत बसवली आणि तिचं पेटंट घेतलं. नाव दिलं फोटोलिथोग्राफी. लिथो म्हणजे शिळाप्रेस, ज्यावर आपल्या पणजोबांच्या काळातल्या पोथ्या आणि पंचांगं छापली जात. दगडाच्या जागी सिलिकॉनची चकती आली, शाईच्या जागी उजेड. भिशांना हे दाखवलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

आणि त्यांचा जुना प्रश्नही त्यांना लगेच दिसला असता. तळोजाला यायची होती ती विद्या टॉवरची, पैसा अदानींचा, जमीन रायगडची. यात जमिनीचा वाटा किती, हे आपल्या भागाने एकदा रक्त सांडून विचारलं आहे. सिडकोने गावं घेतली, १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले, आणि त्यानंतर साडेबारा टक्क्यांची योजना आली. म्हणजे जमीन दिल्यावर तिच्यावर पुढे जे उभं राहील त्यात थोडा हिस्सा मूळ मालकाचा. पेटंटवाला रॉयल्टी मागतो तीही याच हिशेबाने. इथल्या म्हाताऱ्यांना पेटंट समजावून सांगायचं तर मी साडेबारा टक्क्यांपासूनच सुरुवात करेन. ते पुढचे प्रश्न माझ्यापेक्षा चांगले विचारतील.

त्या डिप्लोमावाल्या मुलाला मी परवा पेंधरच्या मेट्रो स्टेशनवर भेटलो. बोसांचा क्रमांक सांगितला. त्याने तिथेच उभ्या उभ्या फोनवर ७५५८४० टाकला. पान उघडलं. त्याने दोन बोटांनी आकृती मोठी केली, गॅलेनाला टेकलेलं टोक शोधत बसला आणि म्हणाला, ‘हे तर घरी करता येईल.’ मग त्याची गाडी आली.